जखमेची आवराआवर

कोलशेतच्या त्या रुग्णालयात टाक्यांच्या जखमेत जंतू सापडत नसत. सलग दोन वर्षं एकही सापडला नव्हता आणि तसं सांगणारी पितळी पाटी लिफ्टशेजारी लावली होती. रचनाचे वडील, आबा, आतड्याच्या ऑपरेशननंतर एकविसाव्या दिवशी तिथेच गेले. कागदोपत्री जखम ठणठणीत होती. आबा तेवढे राहिले नाहीत.

त्याला महिना झाला. फाइलची प्रत न्यायला रचना डोंबिवलीहून आली होती, पण प्रत हे निमित्त. आबा म्हणायचे, "अगं, जखमेला वास येतोय." तीनदा कापसाच्या काडीने नमुना घेतला, तिन्ही रिपोर्ट स्वच्छ आले, आणि तिने तेच त्यांच्यापुढे धरून सांगितलं होतं की वास तुमच्या मनात आहे. शिकलेल्या मुलीपुढे आबा गप्प झाले. ते खरं बोलत होते का, एवढंच तिला हवं होतं.

गुणवत्ता विभागाचे विनीत सर अगत्याने भेटले. पूर्वी शंभरातल्या अकरा जखमा चिघळायच्या, म्हणाले, नवी पद्धत आली आणि आकडा शून्यावर आला. पद्धत कोणती, असं तिने विचारताच त्यांनी ड्रेसिंगच्या बायजा सिस्टरना बोलावलं.

"काही नाही ओ ताई. आधी बीटाडीनने जखम छान पुसून काढायची, मग स्वॅबची काडी फिरवायची."

"आधी?"

"मग काय, पू तसाच लॅबला पाठवायचा? काय म्हणतील ते आपल्याला? पाहुणे यायच्या आधी घर आवरतोच ना आपण."

विनीत सर कौतुकाने हसले.

"आबांच्या जखमेत पू होता?" रचनाने विचारलं.

"होता की, वाटीभर. पण एक थेंब काडीला लागू दिला नाही मी." सिस्टरच्या आवाजात खरोखरच माया होती.

रचनाने ही पद्धत लिहून मागितली. आता कुणाला तरी घाम फुटेल, असं तिला वाटलं. पण नातेवाईक स्वतःहून पद्धत मागतात, हे पाहून विनीत सरांना भरून आलं. त्यांनी लेटरहेडवर छापून सही-शिक्का केला आणि वर अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला.

तिने लिहिलं: 'आबा, तुमचं बरोबर होतं.'

सरांनी वाचून फॉर्म परत सरकवला. "मॅडम, पेशंटला उद्देशून लिहिता येत नाही. अभिप्राय आमच्याबद्दल हवा."

"तो देते," ती म्हणाली.

खाली येऊन तिने रिक्षावाल्याला ठाण्याच्या ग्राहक आयोगाचा पत्ता सांगितला.