ओल्या फरशांमागे अडकलेला गुडघा

मी गुडघा बोलतोय. डावा. माझा मालक फरशी बसवणारा, त्यामुळे तो कामाला लागला की उजवा गुडघा उभा आणि मी जमिनीवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. लोक म्हणतात, अमक्याची अक्कल गुडघ्यात. अहो, असती तर फार बरं झालं असतं! अक्कल राहिली वर, आणि भार तेवढा माझ्यावर.

माझ्यात आहे तरी काय? वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, पुढे झाकणासारखी वाटी. हाडं सुटू नयेत म्हणून चार चिवट बंध, दोन बाजूंना आणि दोन आत मधोमध, फुलीसारखे. आणि दोन हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन मऊ गाद्या. सगळी मदार त्यांच्यावर.

त्यातली एक गादी गेल्या वर्षी चिरली. मी सुजलो, ठणकलो, उठता-बसता कटकट वाजलो. बायको म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवा की." हा म्हणाला, "तेल चोळ, होईल बरं." फार राग आला मला.

फरशा आतल्या कोपऱ्यापासून बसवत दाराकडे मागे मागे सरकायचं, हे यानंच दहाजणांना शिकवलेलं. पण परवा घाई होती. कापलेले तुकडे कोपऱ्यात दडावेत म्हणून अख्ख्या फरशा त्यानं दारापासूनच लावत नेल्या, आणि ओल्या फरशांमागे स्वतःलाच कोंडून घेतलं. बाहेर पडायला उकिडवं बसून अंग वळवलं मात्र, चिरलेली गादी दुमडून हाडांच्या फटीत पाचरीसारखी बसली. मी वाकलो तो वाकलोच.

"अरे, पाय सरळ होईना!" तो ओरडला.

सिमेंटचा माल कालवणारा मेव्हणा हसत आला. "दाजी, पुरे आता नाटकं." मग चेहरा बघून त्याचं हसू पळालं. फळी टाकून त्यानं याला ओढत बाहेर काढलं. आठ फरशा हलल्या.

डॉक्टरीण बाईंनी मला चाचपलं आणि सरळच सांगितलं, "गादी शिवता येईल. पण सहा महिने गुडघा टेकायचा नाही. नाहीतर अडकलेला तुकडा कापून टाकते, महिनाभरात कामावर जाल. मात्र पुढे हाडावर हाड घासेल, म्हातारपणी जिना चढवणार नाही."

"शिवा," बायको लगेच म्हणाली. "माझी नोकरी आहे ना? भागवू आपण."

"सहा महिने घरी बसलो तर मला विचारणार कोण? कापा."

"अहो, जन्मभर पुरायचा आहे तो पाय!"

"कापा म्हटलं ना."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. यानं कागदावर सही केली.

आता मी उशीवर वाकडाच पडून आहे. सरळ व्हायला जीव तळमळतोय, आणि सरळ झालो की हा मला उचलून पुन्हा फरशीवर टेकवणार, हेही ठाऊक आहे. मला भीती वाटतेय हो. बाई भल्या आहेत, त्यांनी पुन्हा एकदा विचारलं तर हा कदाचित ऐकेल. कुणीतरी विचारा त्याला.

उद्या सकाळी आधी मला बधिर करणार आहेत. माझी गादी कापतील तेव्हा मला साधं 'आई गं' म्हणायचीही सोय नाही.