तेविसाव्या आठवड्यातला टायर

मी एक जुना टायर आहे, मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा. मित्रांनो, हे वाक्य आज मी इतक्या सहज म्हणतोय खरा, पण आठ वर्षं ते मला कुणाला सांगता आलं नाही आणि त्यापायी एका भल्या बाईच्या जिवावर बेतलं होतं. म्हणून नीट ऐका. मधेच उठून जाऊ नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळं चिकट रबर, आत कापडाचे थर, कडेला पोलादी तारा, असं सगळं तापलेल्या साच्यात घालून दाबलं आणि मी बाहेर पडलो. तेव्हा इतका मऊ होतो की नख दाबलं की खूण उमटायची आणि लगेच भरूनही यायची. माझ्या एका कुशीवर लंबगोलात चार आकडे उठवलेले होते, २३१७. म्हणजे सन दोन हजार सतरा, तेविसावा आठवडा. ही आमची जन्मतारीख. ती एकाच कुशीवर असते, दुसरीवर नसते. असं कुणी ठरवलं कोण जाणे, एकदा भेटायचंय मला त्याला.

तिथून मी हुबळीला आलो, कोप्पीकर रोडवर भीमसेन अण्णांच्या टायरच्या दुकानात. बरोबर आलेले तेरा जण महिन्या-दोन महिन्यांत विकले गेले. मी राहिलो. माझ्या मापाच्या गाड्या तेव्हा गावात कमी होत्या, एवढंच कारण. पण मला ते कसं कळणार? रोज सकाळी शटर वर गेलं की मी मनात म्हणायचो, आज तरी कुणी न्या रे बाबांनो. अण्णांनी मला दुकानाच्या तोंडाशी आकड्याला टांगलं. दर आठवड्याला काळं पॉलिश मारायचे. खंडेनवमीला झेंडूची माळ पडायची ती माझ्याच गळ्यात. एखादं गिऱ्हाईक बोट दाखवायचं, "तो द्या की." अण्णा मान हलवायचे, "ब्याड, ब्याड, नको तो. तो शोभेचा."

शोभेचा म्हणे! माझा नुसता तिळपापड व्हायचा.

पण मित्रांनो, समोरून रोज दुपारचं ऊन यायचं आणि रबराला ऊन मानवत नाही. चार वर्षं गेली, सहा गेली. माझ्या अंगातला मऊपणा आटला. कुशीवर केसाएवढ्या भेगा पडल्या. पॉलिशखाली त्या दिसत नव्हत्या, पण मला आतून जाणवायच्या. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं की अण्णांचंच बरोबर आहे. आपण आता टांगलेलेच बरे.

आठव्या वर्षी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुकानात त्यांचा मुलगा योगेश बसू लागला. पोरगा गुणी, पण दुकानात नवा. मी शोभेचा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका रविवारी दुकानापुढं एक मोटरसायकल थांबली. चालवणारी दीपश्री. धारवाडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तिथंच सप्तापुरात राहते, वय चाळीस. मागं तिचे वडील दत्तात्रेय, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसलेले. उतरल्या उतरल्या ते योगेशला म्हणाले, "हिला विचार, कुठं निघालीय ते. एका दिवसात पुणे, परत धारवाड, मग बेंगळूर, परत धारवाड!"

"चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर," दीपश्री हसून म्हणाली. "लांब पल्ल्याचं प्रमाणपत्र मिळतं, पूर्ण केलं की."

"अक्का, आणि त्यासाठी ही गाडी?" योगेशनं विचारलं. "मोठी नाही घेतलीत?"

तिनं मग सगळं सांगितलं. मोठी गाडी तिनं तीनदा चालवून पाहिली होती. पळायला झकास, पण आडवी पडली तर एकटीला उचलता येईना. दुसरी एक उचलता यायची, पण तिची टाकी लहान, दर दोनशे किलोमीटरला पंप शोधा. तिसरीची सीट अशी की हावेरी येईपर्यंत कंबर मोडावी. ही चौथी मध्यम वजनाची, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, एका टाकीत चारशे किलोमीटर जाते आणि वाटेतला कुठलाही मेस्त्री ती उघडू शकतो. "सहा महिने घालवले मी हिच्यात," ती म्हणाली. "आता मागचा टायर तेवढा चांगला बघून दे. लांबवर टिकणारा."

मग ती माझ्याकडं वळली. माझ्या नक्षीत बोट घातलं, खोली बघितली. खोली भरपूर होती, असणारच, एक पाऊल चाललो नव्हतो मी. मग तिनं अंगठ्याचं नख माझ्यात रोवलं. खूण उमटली नाही.

"अप्पा, बघा किती कडक आहे! कडक रबर झिजत नाही. हाच द्या."

अहो, कडक कसला! तो माझा आजार होता आणि ती त्याला गुण समजली. पण खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेलो. आठ वर्षांनी कुणीतरी "हाच द्या" म्हणालं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी तो आकडा आठवला. सोळाशे किलोमीटर? माझ्यावर? योगेशनं मला आकड्यावरून काढलं, पुन्हा एकदा पॉलिशचा फडका फिरवला आणि गाडीवर चढवलं. कुशीवरच्या फिरण्याच्या बाणाच्या दिशेनं बसवलं तेव्हा माझी तारखेची कूस चेनच्या बाजूला गेली, चेनच्या कव्हराआड.

सप्तापुरात तिच्या आईनं, अंबूताईंनी, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. "सुखरूप ने आणि सुखरूप आण रे बाबा," असं म्हणून मला हळदकुंकू लावलं. लिंबू चिरडताना माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

बुधवारी सुट्टी होती. सराव म्हणून दीपश्री दावणगेरेपर्यंत जाऊन यायला निघाली. रायापूरजवळ एका टँकरनं रस्त्यावर पाणी सांडलं होतं. तिनं ब्रेक दाबला आणि मी रस्ता धरूच शकलो नाही. मागचं चाक हातभर बाजूला सरकलं. तिनं कशीबशी गाडी सावरली, कडेला थांबली आणि छातीवर हात ठेवून स्वतःशीच म्हणाली, "नवा टायर आहे. वरचं मेण अजून गेलं नाही. शंभर किलोमीटरनंतर पकड येईल." नव्या टायरवर साच्याचं मेण असतं हे खरं आहे. पण मी नवा कुठं होतो? दिवसभर डांबर तापलं, मी तापलो आणि माझ्या भेगा वाढत गेल्या. येताना ट्रकांच्या रांगेतून तिनं गाडी शंभरावर नेली तेव्हा मी देव पाण्यात घालून बसलो होतो. घरी पोचलो, पण मला चैन नव्हतं. शनिवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी ती अंगणात सामानाची पिशवी गाडीला बांधून बघत होती. दत्तात्रेय काही काम नसताना गाडीभोवती फेऱ्या मारत होते. ते निवृत्त वजनमापे निरीक्षक. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतली वजनं उलटी करून त्यांवरचा सालाचा शिक्का तपासला होता. कुठल्याही वस्तूवरून अंगठा फिरवत शिक्का चाचपायचा, ही खोड त्यांना अजून होती. खाली बसले, चेनच्या बाजूनं हात घातला, पॉलिश पुसलं आणि अंगठा थांबला.

"दीपा, हे तेवीस-सतरा काय गं?"

पिशवीची दोरी तिच्या हातातच राहिली. "कुठं?"

तिनं मोबाइलचा उजेड पाडला. वाचलं. तिला अर्थ माहीत होता, लांब जाणाऱ्या सगळ्यांना असतो. फक्त बघायचं राहिलं होतं.

"तेविसावा आठवडा," ती हळू म्हणाली. "दोन हजार सतरा."

"म्हणजे आठ वर्षांचा म्हातारा."

"पण चालला की अप्पा, तीनशे किलोमीटर! दिसतोय बघा कसा."

"दिसतोय म्हणूनच सांगतो. चकचकीत वजनाला मी आधी हात घालायचो."

ती चिडली. "परवा निघायचंय मला. रजा घेतलीय, नाव नोंदवलंय, सगळ्या कॉलेजला सांगून बसलेय. आता ऐन वेळी काय करू?"

दत्तात्रेय गुडघ्यावर हात टेकून उठले. "नको जाऊ असं म्हणत नाही मी. म्हणालो तरी तू ऐकायची नाहीस. तू निघालीस की दारात उभं राहून हात हलवायचा, एवढंच माझ्या हातात आहे. पण हे बघितल्यावर तो हात माझा वर होणार नाही गं." आणि ते आत गेले.

मित्रांनो, त्या क्षणी काय वाटलं सांगू? आठ वर्षं मी "मला घ्या" म्हणून झुरलो. आणि त्या संध्याकाळी अंगणात मी गयावया करत होतो, बाई गं, मला टाक. मला टाकून दे. माझ्याकडनं नाही व्हायचं. पण टायरला तोंड नसतं.

दीपश्री चाकाशी बसली, भेगा आहेत का बघायला किल्लीच्या टोकानं माझ्यातली हवा सोडली. गाडीचं वजन माझ्यावर आलं, माझी कूस फुगून बाहेर वाकली आणि इतकी वर्षं पॉलिशखाली मिटलेल्या सगळ्या भेगा एकदम उघडल्या. एकीत तर आतलं कापड दिसत होतं. तिनं तिथं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"अप्पा! अप्पा, बाहेर या."

ते चप्पल न घालताच आले. ती रडत होती. "सहा महिने गाडी निवडली मी आणि टायर सहा मिनिटांत घेतला."

ते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

शुक्रवारी सकाळी भाड्याच्या मालवाहू जीपवर घालून मला आणि गाडीला पुन्हा कोप्पीकर रोडला नेलं. भीमसेन अण्णा डोळ्यांवर काळा चष्मा लावून दुकानात आले होते. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो देवरे! हा कसा विकलास रे?" योगेश गोरामोरा झाला. अण्णाच मग खाली बसले. "त्याची चूक नाही अक्का. माझी आहे. शोभेचा म्हणून ठेवला, पण त्यावर तसं लिहिलं नाही. भोक पाडून ठेवायला हवं होतं." त्यांनी आतून यंदाच्याच सालचा टायर काढला. तारीख आधी दत्तात्रेयांना दाखवली, मग दीपश्रीला आणि मग तो बसवला. मेण जायला ती त्याच दिवशी अळणावरला दोन फेऱ्या मारून आली. दत्तात्रेयांनी मला मागून घेतलं, घरी आणून करवतीनं माझी कडा कापली, म्हणजे कुणाच्या चाकावर मी पुन्हा चढायला नको. कापताना दुखलं नाही. जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. आता मी त्यांच्या अंगणात भिंतीला टेकून असतो, गाडी आत घेताना भिंतीवर आपटू नये म्हणून.

शनिवारी पहाटे ती निघाली तेव्हा दत्तात्रेय दारात उभे होते आणि त्यांचा हात वर होता. रविवारी पहाटे पाचाला अकरा मिनिटं कमी असताना गाडी फाटकातून आत आली. दीपश्रीला नीट उतरताही येत नव्हतं, डोळे लाल, चेहरा धुळीनं माखलेला, पण हसत होती. दत्तात्रेयांनी आधी तिला धरलं, मग वाकून मागच्या टायरवर तळहात ठेवला. "तापलाय की गं," एवढंच म्हणाले आणि तिला आत घेऊन गेले. माझ्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या घरात जो कुणी दोन चाकांवर बाहेर जातो, त्याच्या टायरची तारीख एकदा वाचा. एका बाजूला नाही दिसली तर दुसऱ्या बाजूला जा, हात काळे होऊ द्या. आणि माझ्यासारखा एखादा सापडला, कितीही चकचकीत असला, कितीही केविलवाणा वाटला, तरी त्याच्यावर दया करू नका. त्याला सरळ नाही म्हणा. तुमच्या त्या एका 'नाही'साठी तो मनातल्या मनात हात जोडून बसलेला असतो.