घेवड्याचे दहा दाणे

शेजारच्या गॅश्पारच्या चरात पाणी अडवायला बसवलेली फळी वेंडेलनं बुटानं ढकलून पाहिली. ती हलली नाही. फटींत चिखल ठासून भरला होता आणि फळीमागे गुडघाभर पाणी थोपलं होतं. ही तिसरी फळी. आधीच्या दोन्हीही अशाच जागच्या जागी होत्या. चौथी, पिरोश्काकाकूंची, बघायची राहिली होती. पाचवी त्याची स्वतःची. ती त्यानं बारा दिवसांपूर्वीच उपसून ठेवली होती.

हे चर आजोबांच्या पिढीनं खणले ते शेतातलं जादा पाणी कालव्यात सोडायला. आता हिवाळे बर्फाशिवाय जातात आणि गेल्या ऑगस्टात गावातल्या विहिरी तळाला गेल्या. म्हणून पाच शेजाऱ्यांनी ठरवलं होतं, मे महिन्यापर्यंत कोणी फळी काढायची नाही. सखल पट्टे पाण्याखाली राहतील, तिथली पेरणी बुडेल. पण पाणी मुरेल. अडचण एकच. इथली जमीन वाळूची, आणि वाळूतलं पाणी बांधाला जुमानत नाही. एकानं चर रिकामा केला, की शेजाऱ्याचंही पाणी त्यात ओढलं जातं.

वेंडेलनं सेगेद शहरातल्या विद्यापीठात तीस वर्षं गेम थिअरी शिकवली होती. देश एकमेकांच्या तोंडाकडे बघत कसे बसून राहतात आणि धूर कसा कमी होत नाही, हे तो फळ्यावर रकाने आखून दाखवायचा. निवृत्त होऊन बापाच्या शेतावर आल्यावरही ती खोड गेली नाही. फेब्रुवारीतल्या बैठकीत त्यानं सगळ्यांना खेळ खेळायला लावला. प्रत्येकानं घरून घेवड्याचे दहा दाणे आणायचे. झाकलेल्या भांड्यात गुपचूप हवे तेवढे टाकायचे. जे जमेल ते तो दुप्पट करून सर्वांना सारखं वाटणार. गंमत म्हणून तो स्वतःही खेळला.

झाकण काढलं तर भांडं रिकामं. कोणीच काही टाकत नाही, असं त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं तसंच. त्याला त्या क्षणी आनंद झाला होता, हे आता आठवून त्याची मान खाली गेली. मार्च उजाडला, जव पेरायची वेळ निघून चालली, आणि त्यानं हिशेब केला: बाकीचे फळ्या काढणारच, मग आपलाच पट्टा फुकट का बुडवा?

त्याच्या शेताला लागून पिरोश्काकाकूंचं शेत. फळी घट्ट बसलेली, पण तिच्यामागे पाणी नव्हतं. नुसता भेगाळलेला चिखल. काकू विहिरीपाशी उभ्या राहून, टोकाला दगड बांधलेल्या गाठींच्या दोरीनं पाणी किती खोल गेलंय ते मापत होत्या.

"कितव्या गाठीला?" त्यानं विचारलं.

"अकराव्या. मागल्या मार्चात नवव्यालाच लागलं होतं. दोन गाठी खाली गेलंय."

"काकू, फळी मी काढली."

"ठाऊक आहे. दोन दिवस आवाज येत होता पाण्याचा."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, काहीतरी पाहूनच केलं असेल. गॅश्पार म्हणत होता, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मीच त्याला गप्प केलं."

"त्या दिवशी भांड्यात एक दाणा पडला नाही," वेंडेल म्हणाला. "मला वाटलं, ज्यांच्या हातून दाणे सुटत नाहीत, त्यांच्या हातून जमीन काय सुटणार."

काकूंनी दोरी थांबवली.

"अरे, बियाणं होतं ते. पेरणी तोंडावर आलेली, घरात दुसरे दाणे कुठले असणार? माझा पांढरा घेवडा आणि शेजारच्या तेरूसचा पांढरा एकदा मिसळले, तर देवालासुद्धा निवडता यायचे नाहीत. पन्नास वर्षं ते वाण राखलंय मी. आणि तू म्हणे दुप्पट करून देणार. कुठल्या वाणाचे देणार होतास?"

"तेव्हाच सांगायचं होतं."

"तू इतका खुशीत लिहून घेत होतास. म्हटलं, कशाला पोराचा हिरमोड करा."

साठी उलटलेल्या त्या पोरानं वळून कोरड्या चराकडे पाहिलं. कालव्यात गेलेलं पाणी एव्हाना तिसा नदीला मिळून पार देशाबाहेर गेलं असणार. फळी परत बसवायला पाच मिनिटं पुरली असती. अडवायला मात्र काही उरलं नव्हतं. आणि ऑगस्टात अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई पुन्हा लांबून पाण्याचे कॅन वाहणार होती.

"पुढल्या वर्षी खेळ घेतलास तर मका आण," काकू म्हणाल्या. "कोंबड्यांचा. मग बघ भांडं भरतं की नाही."

त्यांनी दगड पुन्हा विहिरीत सोडला आणि सहज विचारलं, "तूही टाकले नव्हतेस ना रे? तुझे कुठल्या वाणाचे होते?"

अंगात कोट त्या बैठकीतलाच होता. खिशात हात घातला तर दहाच्या दहा दाणे बोटांना लागले.

"दुकानातले. शिजवायचे," तो म्हणाला.

काकूंनी मान हलवली आणि दोरी वर ओढायला घेतली, एक एक गाठ मोजत.