दुसरा उजेड

आमच्या नावेवर मासळी अंधारात शोधतात. इंजिन बंद करायचं, सगळे दिवे घालवायचे आणि पाण्याकडे बघत राहायचं. पाणी हललं की त्यातले बारीक जीव निळसर उजळतात, आणि थवा कुठे आहे ते कळतं. हे काम माझ्या मेहुण्याचं. पठ्ठ्याची नजर तेज आणि जीभ त्याहून तेज.

त्या संध्याकाळी नुकता काळोख पडला होता. थव्याला वळसा घालून जाळं सोडताना मेहुण्याचा पाय दोरीत अडकला आणि तो पाण्यात गेला. मी नाव वळवेपर्यंत आम्ही बरेच पुढे आलो होतो. मामांनी, म्हणजे नावेच्या मालकांनी, मोठा दिवा लावला. झोतात नुसतं काळं पाणी. त्याची हाक ऐकू यायची, पण कुठून ते कळेना.

"मामा, दिवा घालवा," मी म्हणालो.

"डोकं ठिकाणावर आहे का? पोरगं बुडतंय आणि दिवा घालवू?"

माझीही छाती होत नव्हती. पाण्यातल्या माणसाला दिसत होता तो एवढा दिवाच. शेवटी मीच बटण दाबलं, इंजिनही बंद केलं.

डोळे सरावले तसा डावीकडे उजेड दिसला. हातपाय मारल्याचा, विस्कटलेला. जिवात जीव आला. इतक्यात मामांनी माझा दंड धरला. त्या उजेडाखालून दुसरा उजेड चालला होता. लांब, शांत, निम्म्या नावेएवढा. तो पुढे जाऊन वळला आणि परत आला.

मेहुण्याने हातपाय मारले तर त्या जनावराला तो सापडणार, थांबवले तर आम्हाला सापडणार नाही.

"उताणा तरंग," मी ओरडलो. "अजिबात हलू नकोस."

निळा उजेड विझला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं होतं.

आम्ही वल्ही घातली. जागा फक्त डोक्यात होती. प्रत्येक फटक्याला पाणी उजळायचं आणि तो लांब उजेड आमच्याकडे वळायचा. मला तेच हवं होतं. अचानक वल्हं अडलं. खालून कोणीतरी ते खेचलं. मग बोटं दिसली.

आत ओढून घेतला तेव्हा त्याचे दात वाजत होते. हसायला बघत होता, जमत नव्हतं.

"दाजी, दिवे घालवलेत ना," तो म्हणाला, "तेव्हा वाटलं, तुम्ही ताईला सांगायला निघालात."