रविवारचे रणगाडे

हरण्यात बिलवाल्याचा फायदा मोठा होता. तो बिलं करायचा त्या नळ-पाइपांच्या घाऊक पेढीची नवी शाखा शेजारच्या शहरात निघणार होती. शाखा सांभाळणाऱ्याला काचेची केबिन, स्वतंत्र फोन आणि राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. केबिन आणि फोन त्याला हवेच होते, पण खरी मेख त्या दोन खोल्यांत होती. लग्न झाल्यापासून त्याची बायको थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरत होती. मिठाचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा हेसुद्धा जाऊबाई ठरवायच्या.

"माझा म्हणून एक ओटा द्या, मग आयुष्यभर काही मागणार नाही," ती म्हणायची. यातला दुसरा भाग बिलवाला खरा मानत नसे, पण पहिल्याने त्याची झोप उडायची.

तर हरायचं होतं पेढीच्या मालकांकडून, म्हणजे साहेबांकडून. साहेबांनी मुलांसाठी म्हणून व्हिडिओ गेम आणला. मुलं आठवडाभरात कंटाळली, साहेब मात्र चिकटले. टीव्हीला जोडलेला काळा डबा, त्यात खोचायची प्लॅस्टिकची जाडजूड कॅसेट, दोघांच्या हातात एकेक दांडा आणि पडद्यावर दोन रणगाडे. रणगाडे आपले म्हणायचे. दिसायला ते साबणाच्या वडीचे उरलेले तुकडे, एक हिरवा, एक पिवळा. पण हिरव्या तुकड्याचा ताबा घेतला की साहेबांची मान सेनापतीसारखी ताठ व्हायची. दर रविवारी सकाळी बिलवाला इस्त्रीचा शर्ट घालून शत्रू म्हणून हजर.

नीट हरणं हे कसबाचं काम. पटकन हरावं तर मुद्दाम हरल्याचं कळतं. फार झुंजावं तर चुकून जिंकायची भीती. बिलवाल्याने यावर तोड काढली होती. डब्याच्या मागच्या अंगाला दोन बारीक खटके होते, एकेका खेळाडूसाठी एकेक. खटका वर केला की त्या खेळाडूचा रणगाडा रेंगाळायचा आणि त्याचा गोळा वाटेतच विझायचा. डब्यासोबत आलेली माहितीपुस्तिका साहेबांनी उघडली नव्हती. पुस्तिका वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. बिलवाला कॅसेट बसवायच्या निमित्ताने वाकायचा, हळूच आपला खटका वर करायचा आणि मग जीव तोडून खेळायचा. घाम खरा, धडपड खरी, हारसुद्धा खरीच.

"तुमच्यात काय कमी आहे सांगू?" साहेब म्हणायचे. "दूरदृष्टी."

"तीच शिकायला येतो, साहेब."

अडचण एकच होती. शाखेसाठी दुसरं नाव गोदामवाल्याचं निघालं होतं. हा गडी मोठ्याने बोलायचा, त्याहून मोठ्याने हसायचा आणि साहेबांच्या विनोदाला मात्र हसायचा नाही. तरी गिऱ्हाइकांत त्याचं वजन होतं, आणि बिलवाल्याला तेच खुपत होतं. त्याने डोकं चालवलं.

"गोदामवाल्यालाही एकदा बोलवा ना, साहेब. तो म्हणतो, हा पोरांचा खेळ."

साहेबांचे कान तापले. "असं म्हणतो? आणा त्याला रविवारी."

रविवारी बिलवाला नेहमीसारखा डब्यामागे वाकला आणि या खेपेला त्याने साहेबांचा खटका वर केला.

"हे असं फिरवायचं आणि हे दाबायचं, होय?" गोदामवाल्याने दांडा कुलपात अडकलेल्या किल्लीसारखा पिळला. दांडा कसाही पिळला तरी गोळा नेमका लागत होता. साहेबांचा हिरवा रणगाडा चिखलात रुतल्यासारखा सरकत होता.

चहा घेऊन आलेल्या बाईसाहेब पडद्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुमचा हिरवा असा काय चालतोय? पोट बिघडलंय का त्याचं?"

गोदामवाला खिडकीच्या काचा हादरतील असा हसला. "आणखी एक डाव होऊ द्या, साहेब. या वेळी मी डोळे मिटून खेळतो."

बिलवाल्याने मान खाली घातली. आतून त्याला उकळ्या फुटत होत्या.

"खोल्या पक्क्या," घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. "साहेबांना आता त्याचं तोंडसुद्धा बघवत नाही."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग ते त्याचं करणार काय?"

"काय करायचंय ते करोत. आपल्याला काय?"

साहेबांनी काय करायचं ते केलं. त्यांनी बिलवाल्याला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"शाखेवर गोदामवाल्याला पाठवतोय."

"पण साहेब, त्या रविवारी त्याने तुम्हाला..."

"त्या रविवारीच ठरलं. ते हसणं मला रोज इथे ऐकायचं नाहीये. काढून टाकावं तर निम्मी गिऱ्हाइकं त्याच्यामागे जातील. बढती देऊन लांब पाठवलेला बरा."

"आणि मी?"

"तुम्हाला कसं सोडीन? तुम्ही गेलात तर रविवारी माझ्यासमोर बसणार कोण?" साहेबांचा आवाज मायेने भरून आला. "आणि रागावू नका, पण तो नवखा माणूस पहिल्या डावात जिंकला. तुम्हाला इतक्या दिवसांत एकही डाव काढता आला नाही. तुमच्या भरवशावर अख्खी शाखा कशी टाकू?"

खटक्याचं सांगून टाकावं, असं बिलवाल्याच्या अगदी जिभेवर आलं. पण कुठल्या खटक्याचं सांगणार? आपल्या की साहेबांच्या?

गोदामवाला महिनाअखेरीला बिऱ्हाड हलवून गेला. निघताना बिलवाल्याला कडकडून भेटला. "तुमच्यामुळेच साहेबांशी ओळख वाढली बघा."

त्याला केबिन, फोन आणि दोन्ही खोल्या मिळाल्या. साहेबांना त्यांचे विजय परत मिळाले, आणि आता ते शनिवारीही खेळायला बोलावू लागले. बिलवाल्याची नोकरी शाबूत राहिली, हेही काही थोडं नाही. या सगळ्याची किंमत मात्र त्याच्या बायकोने मोजली, जिने तो दांडा कधी हातातही धरला नव्हता.