डाव्या हाताची रांग

मार्गदर्शिकेने वहीत बाकांचा नकाशा काढला आणि बाई ज्या मुलाला प्रश्न विचारतील, त्याच्या चौकोनात रेघ मारत गेली. चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ती हे चौथ्यांदा करत होती. तास संपला तेव्हा बाकीचे चौकोन रेघांनी भरले होते. बाईंच्या डाव्या हाताची रांग याही वेळी कोरीच होती.

शिक्षकांना शिकवायची तिची पद्धत ठरलेली होती. आधी दोन गोष्टींचं कौतुक, मग एक उणीव, मग उपाय. ‘तुला कसा वाटला तास?’ असं ती सुरुवातीला विचारायची खरी, पण उत्तराची वाट बघायला सवड कुणाला होती? दिवसाला तीन शाळा उरकायच्या असत. त्या रांगेबद्दल तिने पहिल्यांदा गोडीगुलाबीने सांगितलं, दुसऱ्यांदा जरा सुनावलं, तिसऱ्यांदा अहवालातच लिहिलं: काही मुलांकडे दुर्लक्ष. बाई दर वेळी मान डोलवत, काहीबाही लिहून घेत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा येरे माझ्या मागल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं तिने घरी नवऱ्याला सांगूनही झालं होतं.

आज सकाळी मुख्याध्यापिकांनी बाईंचा राजीनामा तिच्यापुढे ठेवला. मुलांचा जीव आहे हो तिच्यावर, तुम्हीच समजवा, म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत दोघी चित्रकलेच्या रिकाम्या खोलीत बसल्या. मार्गदर्शिकेने समजवायला सुरुवात केली. अहवाल मनाला लावून घ्यायचा नसतो, आपणही सुरुवातीला असेच धडपडलो, असं बरंच काही ती बोलली. बाईंनी नेहमीसारखी मान डोलवली. मग बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली आणि ती पाणी प्यायला थांबली.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, “मॅडम, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

मार्गदर्शिकेने बाटली खाली ठेवली.

“त्या बाजूच्या मुलांची उत्तरं कळत नाहीत. पुन्हा पुन्हा विचारलं की ती हिरमुसतात. म्हणून विचारणंच सोडलं.”

“अगं, मग सांगायचंस ना. बाकं फिरवली असती, तुझी उभं राहायची जागा बदलली असती. पाच मिनिटांचं काम.”

“दर वेळी सांगायचं ठरवून यायचे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तुमचं बोलणं संपायची वाट बघायचे. मग तुमची निघायची वेळ व्हायची.”

मार्गदर्शिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या कामाच्या नऊ वर्षांत अशा किती जणींनी नुसती मान डोलवली असेल, कोण जाणे.

“आणि मी जे सांगायचे, ते?”

“अर्धंमुर्धं कळायचं. तुम्ही नेहमी या बाजूला बसता.”

मार्गदर्शिका उठली. खुर्ची उचलून ती बाईंच्या उजव्या बाजूला नेऊन बसली. वही तिने मिटून मांडीवर ठेवली.

“आता तू सांग,” ती म्हणाली. “मी ऐकते.”

बाई ओशाळं हसल्या.

“आता काय सांगू, मॅडम? एका कचेरीत कागदपत्रं लावायचं काम मिळालंय. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. कालच त्यांना हो म्हणून आले.”