शांत शिंपले

झाशीपासून समुद्र सगळीकडून चांगलाच लांब, म्हणजे इथे त्याच्याशी कुणाचा लागाबांधा असण्याची भीती नाही. बहुधा याच विचाराने सागरी देखरेख केंद्राचं कार्यालय सदर बाजारात, लोखंडी ट्रंकांच्या दुकानावर थाटलं होतं.

कल्याणी गोव्यात समुद्री जीवशास्त्र शिकली आणि नोकरी लागली ती घराजवळ, झाशीत. नगरा मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना आईने पेढे वाटले. कोकणातल्या खारवाडी बंदरात जिवंत शिंपल्यांना चिमुकले सेन्सर डकवले होते. शिंपला पाणी गाळून जगतो आणि पाण्यात काही विषारी आलं की तोंड घट्ट मिटून घेतो. सगळे एकदम मिटले की झाशीच्या भिंतीवरचा पडदा लाल व्हायचा, कल्याणी फोन करायची आणि तिथल्या बायका त्या दिवशी शिंपले वेचायला उतरायच्या नाहीत. लोकांच्या पोटात विष जायचं टळायचं. दिल्लीला मात्र या लाल पडद्याचा फार जाच व्हायचा. केंद्र ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला जयसिंग नावाचे बडे साहेब सोमवारी येणार होते.

त्यांना दाखवायला खारवाडीहून आठ शिंपले समुद्राच्या पाण्यासकट रेल्वेने आले. काचेच्या टाकीत स्थिरावले, सेन्सर लागले आणि पडद्यावर हिरव्या रेषा हळूहळू वरखाली होऊ लागल्या. कल्याणीला भरून आलं. हे आठ जण साहेबांना पटले, तर केंद्र वाचणार होतं.

"नवीन यंत्र, आणि पूजेशिवाय चालू करायचं?" कार्यालयप्रमुख गोविंदराव म्हणाले. त्यांचं घराणं पेशवाईत तलवार घेऊन झाशीला आलेलं. आता तलवारीची जागा रबरी शिक्क्याने घेतली होती. शुक्रवारी त्यांच्या पत्नी यमुनाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. काचेला हळदकुंकू, टाकीला हार, इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी मोठ्या मायेने मोठी वाटीभर पंचामृत टाकीत ओतलं.

आठही शिंपले खाडकन मिटले. पडदा लाल झाला, भोंगा बोंबलू लागला.

"सर, चालतंय! बघा, कसं अचूक चालतंय!" कल्याणी आनंदाने ओरडली आणि लगेच टाकीकडे धावली. "पण पाणी बदलायला हवं. हे मरतील."

"तीर्थ मोरीत ओतायचं?" गोविंदराव म्हणाले. "राम राम राम! साहेब गेले की बेतवा नदीत विसर्जन करू, एकदम विधिवत. भोंगा तेवढा बंद कर बेटा, कान दुखतात."

तपासणीआधी कुणी कशाला हात लावू नये म्हणून त्यांनी कार्यालयाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घालून मऊरानीपुरला लग्नाला गेले. कल्याणीने फोनवर फोन केले. वरातीच्या बँडपुढे शिंपल्यांचं कोण ऐकतो?

मे महिना, बंद खोली, त्यात वीज गेली की हवेचा पंपही गार. सोमवारी कुलूप उघडलं तेव्हा आठही शिंपले आ वासून पडले होते. तोंड मिटायला अंगात जीव लागतो, तो कुणातच नव्हता. यंत्राला बिचाऱ्याला एवढंच शिकवलेलं, की तोंड उघडं म्हणजे पाणी उत्तम. पडद्यावर आठ हिरव्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ चालल्या होत्या.

"देवाने ऐकलं," गोविंदराव म्हणाले आणि त्यांनी दुर्गंधीवर उदबत्त्यांचा जुडगाच पेटवला.

जयसिंग साहेबांनी आत येताच छाती भरून श्वास घेतला. "वाह! समुंदर की असली खुशबू! जगन्नाथपुरी याद आ गई।"

"सर, ये सब मर चुके हैं," कल्याणी म्हणाली. "बदबू उसी की है।"

"बच्ची है साहब, थोड़ी भावुक है," गोविंदराव घाईने म्हणाले.

साहेबांचे डोळे पडद्यावर खिळले होते. "पूरे दौरे में इतना शांत ग्राफ़ नहीं देखा। ज़िंदा-मुर्दा आप देखिए मैडम, मुझे तो ग्राफ़ देखना है।" त्यांनी पाच वर्षांची मंजुरी देऊन टाकली. अट एकच, खारवाडीचे ते आक्रस्ताळे शिंपले काढायचे आणि तिथे झाशीचं हे समजूतदार वाण बसवायचं.

केंद्र वाचलं. याच एका गोष्टीसाठी कल्याणी वर्षभर राबली होती, आणि आता तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. तेवढ्यात पडद्याची दुसरी बाजू लाल झाली.

"खारवाडी! तिथले सगळे मिटलेत!"

"यही तो बंद करना है," साहेब म्हणाले. गोविंदरावांनी तत्परतेने पडदाच बंद केला आणि कचोऱ्या मागवल्या.

कल्याणीने कुणाला न विचारता फोन उचलला. बंदरावर रुपाली काम बघायची.

"मॅडम, लाल झालंय खरं," रुपाली म्हणाली, "पण इथल्या पडद्यावर तुमच्या झाशीच्या टाकीतले तर मस्त हिरवे दिसतायत. आमच्याच सेन्सरचं काहीतरी बिघडलं असणार. बायका उतरल्यात पाण्यात."

"त्यांना आधी वर बोलाव, रुपाली. इथले सगळे मेलेत. तुमचे अजून जिवंत आहेत, त्यांचं ऐक."